संगणकाच्या पोटात संगणक

मी ताईला नवा संगणक घेऊन दिला आणि तिचा धंदा बंद पाडला. हे वाक्य मी इतक्या लोकांपुढे बोललो आहे की आमच्या अमरावतीच्या ऑफिसातला चहावालासुद्धा आता मला मध्येच थांबवून पुढचं स्वतःच सांगतो. लिहून मात्र कधी ठेवलं नव्हतं. म्हणून लिहितो.

ताई माझी मोठी बहीण, अकोल्याला असते. घराच्या पुढच्या खोलीत बसून ती लग्नपत्रिका जुळवते. म्हणजे गिऱ्हाईक हाताने लिहिलेला मजकूर आणून देतं, ताई तो टाइप करते, वर गणपती बसवते, खाली पालखी, कडेने वेलबुट्टी, आणि तयार झालेलं पान गल्लीच्या टोकाला छापखान्यात जातं. छापखाना ज्यांचा आहे त्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो. ताईने जुळवायचं आणि भाईजाननी छापायचं, हे माझ्या भाचीच्या जन्माआधीपासून चालत आलेलं. बाळापूर-पातूरकडच्या खेड्यांतल्या घरांतही आरशामागे खोचलेली पत्रिका बघितली की मी ओळखतो, ही आमच्या ताईची.

हे सगळं ती एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर करायची. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. ते चालायला अंगठ्याएवढं एक प्लास्टिकचं बोंडूक लागायचं. संगणकात ते खोचलेलं असलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं, नाही तर नाही. कुणी फुकटात नक्कल करून वापरू नये म्हणून कंपनीने केलेली सोय. आम्ही त्याला कुलूप म्हणायचो. आणि संगणक तर त्याहून जुना दिसायचा. पडदा पेटीसारखा जाड, सुरू होताना कण्हायचा, आणि ताई त्याच्यापुढे मान वाकडी करून बसायची, कारण पडद्याचा डावा कोपरा अंधारला होता.

ती वाकडी मान मला बघवायची नाही. मी सरकारी ऑफिसात संगणक विभागात आहे. साऱ्या नातेवाइकांचे प्रिंटर मी दुरुस्त करतो, आणि सख्खी बहीण अशी बसते! एखादी गोष्ट मला टोचायला लागली की मी ती कुणालाही न विचारता निस्तरायला जातो, आणि मग ती निस्तरल्याबद्दल माफी मागत फिरतो. हा माझा स्वभाव आहे आणि बायको त्याला आजार म्हणते.

दसऱ्याला मी नवाकोरा संगणक घेऊन अकोल्यात उतरलो. पातळ पडदा, आवाज नाही, सगळ्यात नवी सिस्टीम. ताई पडद्याला हात लावून बघत राहिली. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनी पडद्यात बघून भांग पाडला. सणाचा दिवस, म्हणून पाटावर कामाची हत्यारं मांडून मी स्वतः पूजा केली. तिच्या साऱ्या जुन्या फायली काढून ठेवल्या, नव्या पद्धतीचं मराठी टायपिंग घालून दिलं, "आता हे सगळीकडे चालतं, ताई" असं सांगितलं, आणि जुना संगणक गाडीत टाकून अमरावतीला आणला. दुसऱ्याच दिवशी तो भंगारवाल्याला दिला. तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं. हे मला आजही आठवतं आणि लाज वाटते.

कारण ताईची बोटं त्या जुन्या सॉफ्टवेअरवर वाढली होती. टाइपरायटरच्या पद्धतीचा तो कळफलक तिला डोळे मिटून यायचा. नव्यात ती एक कळ दाबायची आणि भलतंच अक्षर उमटायचं. शिवाय तिच्या जुन्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की मराठीच्या जागी कंस, टोप्या, डॉलरची चिन्हं दिसायची. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मीच तर संगणकवाला.

तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांचा हंगाम सुरू झाला, आणि ताईचे फोन कमी झाले. मी विचारलं की म्हणायची, "चालू आहे न बाबू, मस्त आहे." शेवटी भाऊजींनीच फोन करून फोडलं.

"साळेबुवा, तुह्या ताईनं आज चौथं गिऱ्हाईक वापस पाठवलं. दिवसभर तुरीच्या शेंगा सोलून राह्यली. घरात आता इतके दाणे झाले का आपण दुकान टाकू शकतो."

"मला सांगितलं का नाही तिनं?"

"तू रडतो म्हणून."

त्यातच भाईजानच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेची एक बाजू उर्दूत, ती त्यांच्या ओळखीतले एक जण करून देणार होते. मराठी बाजू ताईची. थोरल्या मुलीची तिनेच केली होती, मुलाचीही तिनेच. ताईने त्यांना सांगून टाकलं, भाईजान, बाजारात कुणाकडूनही करून घ्या, माझा हात आता चालत नाही. भाईजान दारातच उभे राहिले म्हणे. "ताई, मशीन माही, कागद माहा, पोरगी माही. पण अक्षर तुमचंच पायजे. नाही तं मी बिनपत्रिकेची शादी करतो, अन् लोकाइले सांगतो का ताईनं मना केलं." सोमवारी सकाळी पान मशीनवर चढायलाच हवं होतं, कारण दुपारी त्यांचे भाऊ पत्रिका वाटायला निघणार होते.

ताईने रविवारपर्यंतची मुदत मागितली. आणि भाऊजींना म्हणाली, रविवारी नाही जमलं तर संगणकावर चादर टाकायची आणि ती खोली भाड्याने द्यायची. हे भाऊजींनीच मला फोनवर सांगितलं.

त्या रविवारी आम्ही सगळे सेमाडोहच्या जंगलात जाणार होतो. मुलांनी महिनाभर आधीपासून दुर्बीण गळ्यात घालून घरात फिरायला सुरुवात केली होती. मी बायकोला म्हणालो, तुम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून जा, मला अकोल्याला जायला हवं. तिने फक्त विचारलं, "ताईंची माफी मागायला का सॉफ्टवेअर चालवायला?" मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "आधी सॉफ्टवेअर चालवा." मुलांची माफी मागायची राहिलीच, ती झोपेत होती.

पहाटेच्या बसने निघालो. पिशवीत सीडी वाचायचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह, दोन पेनड्राइव्ह आणि ऑफिसातून आणलेल्या वायरींचा गुंता. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी त्या वायरींकडे बघून विचारलं, "डॉक्टर हाय का?" मी हो-नाही करत राहिलो आणि उतरताना त्यांचीही माफी मागितली.

ताईने दार उघडलं. "आला का बाप्पा? चाल, आधी चहा घे. तोंड कावून असं केलं?"

"ताई, मी फार—"

"आता सुरू नको करू. पहिले हे लाव," असं म्हणून तिने कपाटातून बिस्किटाचा डबा काढला. जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या सीड्या त्यात होत्या. सॉफ्टवेअरची होती, आणि जुन्या संगणकासोबत आलेली जुन्या विंडोजचीही होती. कुलूपही होतं. ताई काही टाकत नाही. टाकतो तो मी.

सॉफ्टवेअरची सीडी लावली, क्लिक केलं, आणि नव्या सिस्टीमने लगेच पाटी दाखवली: हे तुमच्या संगणकावर चालू शकत नाही. भाऊजी माझ्यामागे खुर्ची टाकून बसले होते. आलेली प्रत्येक पाटी ते वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचायचे.

"चालू, शकत, नाही. पुढं बोल."

मी राईट क्लिक केलं आणि जुन्या विंडोजची यादी उघडली. जुनं सॉफ्टवेअर अडलं की नव्या सिस्टीममध्ये एक सोय असते. आपण अमुक एका जुन्या विंडोजवर आहोत असं त्या सॉफ्टवेअरला भासवता येतं. हे मी भाऊजींना समजावलं.

"म्हणजे तू त्याले खोटं सांगून राह्यला, का बाबा, अजून तोच काळ चालू आहे?"

"तसंच समजा."

"मंग मलेबी कर न राईट क्लिक. सांग सगळ्याइले का हा अजून मॅट्रिकले आहे."

"दोनदा बसले होते मॅट्रिकले," ताई स्वयंपाकघरातून ओरडली. "कोणत्या वर्षाचं सांगू त्याले?"

मी हसलो, आणि हसलो म्हणून लगेच अपराधी वाटलं, कारण त्या क्षणी मी एकेक जुनं विंडोज निवडत खाली चाललो होतो आणि प्रत्येक वेळी पाटी तीच येत होती. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. "आता साहेब बनून गेला हा," भाऊजी म्हणाले. नव्या सिस्टीमने साहेबालाही ओळख दिली नाही. अँटिव्हायरस बंद केला. तारीख मागे नेऊन पाहिली, इतकी मागे की संगणकाच्या कोपऱ्यात भाचीच्या बारशाचं साल आलं. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. ताईने बाहेर येऊन ते साल बघितलं, "तवा माही कंबर दुखत नोती," म्हणाली, आणि आत गेली.

खरी अडचण साधी होती. ते सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की त्याचा इन्स्टॉलर ज्या पद्धतीने लिहिला होता ती पद्धत नव्या सिस्टीमला कळतच नव्हती. कितीही खोटं सांगा, भाषाच वेगळी. एकच उपाय उरला होता. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करायचा. असं एक मोफत सॉफ्टवेअर मिळतं, त्यात नव्या विंडोजच्या आत एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीला वाटतं की आपण एक स्वतंत्र, जुना संगणक आहोत. तिच्यात जुनी विंडोज घालायची आणि त्यात ताईचं सॉफ्टवेअर. ऑफिसात मी हे कधीतरी करून पाहिलं होतं. बहिणीच्या घरी, तिचं सगळं पणाला लागलेलं असताना केलं नव्हतं.

माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवर ते उतरवायला घेतलं. उतरेपर्यंत जेवण झालं. पातोडीची भाजी होती. मी तिसरी पोळी घेऊ का नको असा विचार करत होतो, कारण जी माझ्यामुळे बेकार झाली तिच्याच घरी इतकं जेवायचं हे मला पटत नव्हतं. ताईने न विचारता चौथीही वाढली.

मग जुन्या विंडोजची सीडी लावली. खिडकीत आधी काळं, मग निळं, मग पांढऱ्या अक्षरांत काहीबाही. सीडी घरघरत होती. मी आणि भाऊजी पुढे वाकून बघत होतो. आणि एकदम ती धून वाजली. जुना संगणक सुरू होताना वाजायची ती, चार-पाच सुरांची. खिडकीत हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उघडलं.

ताई भांड्यांच्या साबणाच्या हातांनीच धावत बाहेर आली. "आला का? आला का तो?" जणू कुणी मुंबईहून सुट्टीला आला आहे. "वो माय! तोच आहे न हा! तेच झाड नाही, तीच टेकडी!"

"झाड होतं कोठी तिथं?" भाऊजी.

"नोतं. तेच म्हणून राह्यली मी. अजूनबी नाही."

मी खुर्चीवरून उठून नाचलो. खरंच नाचलो, पन्नाशीच्या उंबऱ्यावरचा माणूस, दोन्ही हात वर करून. भाऊजी माझ्याबरोबर नाचले. त्याच वेळी भाईजान दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आम्हाला बघितलं, पडदा बघितला, चपला काढल्या आणि म्हणाले, "मुबारक हो. कोणाले पोरगा झाला?"

"याच्या पोटात संगणक झाला," भाऊजी म्हणाले.

"नॉर्मल का सिझर?"

सगळं इतकं सोपं वाटायला लागलं होतं. खिडकीतल्या खिडकीत ताईचं सॉफ्टवेअर टाकलं. इन्स्टॉलर न कुरकुरता पुढे गेला, हिरवी पट्टी भरत भरत टोकाला पोचली आणि जुनं, ओळखीचं चिन्ह टेकडीवर येऊन बसलं. कुलूप खोचलं. ताईने हात धुतले, पदराला पुसले, खुर्चीवर बसली. भाईजान म्हणाले, "बिस्मिल्ला करा ताई." ताईने क्लिक केलं.

पाटी आली: कुलूप सापडलं नाही.

भाऊजींनी ही पाटी वाचली नाही. ताईने हात मांडीवर घेतले.

मी सेटिंगमध्ये शिरलो. बाहेरच्या संगणकात खोचलेली वस्तू आतल्या संगणकाच्या हवाली करावी लागते. केली. काढली, पुन्हा केली. दुसऱ्या भोकात घातली, मागच्या बाजूला घातली. त्या कुलपावर एक बारीक दिवा असायचा, तो लागतच नव्हता. नवी सिस्टीम, जुनी सिस्टीम, सीडी, सगळं जमलं आणि हे बोंडूक मेलं असेल तर ते जगात कुठेच मिळणार नव्हतं. मी हळूच ताईकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत नव्हती. खोलीच्या भिंती बघत होती, कुठे काय ठेवायचं याचा हिशेब मांडत असल्यासारखी.

"जाऊ दे बाबू," ती म्हणाली. "तुवं लय केलं." आणि तिने हात पुढे करून कुलूप उपटलं.

"रक्त!" भाऊजी ओरडले.

ताईच्या अंगठ्याला लाल लागलं होतं. भाईजान लगबगीने रुमाल काढायला लागले. मी पाणी आणायला धावलो आणि स्टुलावर आपटलो. ताईने अंगठा नाकाशी नेला, वास घेतला, दोन बोटांनी चोळला.

"रक्त काहाचं? कुंकू आहे हे."

तिने कुलपाच्या तोंडात बघितलं. मीही आता पहिल्यांदाच नीट बघितलं, इतका वेळ माझी नजर पडद्यावरच होती. धातूच्या त्या चपट्या तोंडात, जिथे सोनेरी पट्ट्या चमकायला हव्यात, तिथे कुंकवाचा गच्च लगदा वाळून बसला होता. मध्ये एक अक्षता. अख्खी, हळद लावलेली.

"कोणं केली याची पूजा?" ताईने विचारलं.

कुणी केली ते खोलीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं. दसऱ्याला कात्री, कटर, पट्टी, माऊस सगळं पाटावर मांडल्यावर मला वाटलं होतं की ह्या कुलपावरच तर ताईचं घर चाललं, ह्याला कसं विसरायचं? म्हणून जुन्या संगणकातून उपटून मी ते मधोमध ठेवलं, तोंड वर करून, आणि फुलाने पाणी शिंपडून बाकीच्यांच्या दुप्पट हळदकुंकू वाहिलं. मनापासून. हात जोडून क्षणभर डोळेही मिटले होते.

"मीच," मी म्हणालो. "ताई, मी चुकलो. संगणक दिला तेही चुकलो, भंगारात घातला तेही, आणि हे तर—"

पुढचं मला बोलता आलं नाही, कारण ताई हसायला लागली होती. आधी खांद्यांनी, मग आवाजाने, मग टेबलाला धरून. "अक्षता! अक्षता टाकली त्यात! त्याचं लगन लावून देल्लं यानं!" भाऊजी भिंतीला टेकले. भाईजान डोळे पुसत म्हणाले, "मी सांगतो तुमाले, हे चालत नाही म्हणून नाही राह्यलं. त्याची हळद अजून उतरली नाही न!" आणि मग मीही, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, पोट दुखेपर्यंत हसलो. मध्येच रडायला आलं, पण कुणाला फरक कळला नाही.

भाईजान छापखान्यातून थिनर आणायला निघाले होते, मी त्यांना दारातच अडवलं. थिनरने प्लास्टिक वितळलं असतं. मेडिकलमधून स्पिरिट आणलं. ताईने सुईने आधी अक्षता काढली, मग जुन्या टूथब्रशने एकेक पट्टी घासली. तिचे हात इतके हलके चालत होते की मी फक्त धरून उभा होतो. मग ते एका ताटलीत घालून गच्चीवर उन्हात ठेवलं, मुगवड्यांच्या शेजारी. अकोल्याचं ऊन थंडीतही कामाचं असतं. राखणीला भाऊजी बसले, छत्री घेऊन, कारण एक खार वड्यांवर टपलेली होती.

"वडी नेली तं चालते," ताई खालून ओरडली. "ते नेलं तं तुमी घरी येऊ नोका."

मधल्या वेळात बायकोचा फोटो आला. रेंज मिळाली असावी. फोटोत गवत होतं आणि गवतात काहीतरी काळं. खाली लिहिलं होतं: गवा. चाललं का? मी लिहिलं: कुंकू वाळतंय. त्यावर तिचं नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं.

भाऊजी जिन्यावरून ताटली दोन्ही हातांत धरून उतरले. ताईने कुलूप घेतलं आणि खोचलं. मी खिडकीतल्या सेटिंगमध्ये ते आतल्या संगणकाच्या हवाली केलं. एक क्षण काही नाही. मग तो बारीक दिवा लागला. हिरवा.

क्लिक. जुना करडा पडदा उघडला. डावीकडे हत्यारांची पट्टी, वर फाँटांची यादी, सगळं जिथल्या तिथे.

ताईने कळफलकावर बोटं ठेवली, आणि ती बोटं निघाली. मी तिला टाइप करताना हजारदा पाहिलं होतं, पण ऐकलं नव्हतं. पाऊण मिनिटात पडद्यावर चार ओळी, एकही अक्षर चुकलं नाही, काना-मात्रा-वेलांटी जिथल्या तिथे. तिने काय लिहिलं ते मी पुढे होऊन वाचलं. 'माझ्या भावाने मला पुन्हा खुर्चीवर बसवले. आता तो रडायचा थांबला तर मला पडदा दिसेल.' आणि तिने ते लगेच पुसूनही टाकलं.

"बोला भाईजान. मजकूर द्या."

भाईजाननी खिशातून कागद काढला. तिने थोरल्या मुलीच्या पत्रिकेची जुनी फाइल उघडली, नवी अक्षरं घालत गेली. निकाह, वलीम्याचं जेवण, ठिकाण, वेळ. पाहुण्यांच्या नावांवरून वाद सुरू झाला. भाईजानच्या मोठ्या मेहुण्याचं नाव वर घ्यायचं का चुलतभावाचं.

"मागच्या पत्रिकेत मेव्हण्याचं खाली गेलं तं तो जेवला नाही," भाईजान म्हणाले.

"जेवले होते. दोन ताटं. मी पाह्यलं," ताई म्हणाली, पण नाव वर घेतलं. खाली धाकट्या चुलतभावंडांची ओळ घातली, आमच्या आपाच्या लग्नाला यायचं बरं का; आपा म्हणजे मोठी बहीण. भाईजान म्हणाले, पोरं आता मोठी झाली, एकाले दाढी आली. ताई म्हणाली, असू द्या, पत्रिकेत लहानच असतात.

नमुन्याचं पान निघालं. ताई नेहमीसारखी ते उभं राहून, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून वाचायला लागली. मुलीच्या नावापर्यंत आली तेव्हा भाईजान खाली बघत होते आणि पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत होते. "छान आहे," ते म्हणाले. "बस, छान आहे." आणि पान पुठ्ठ्यात घालून, चपला उलट्या पायांत घालून गेले.

मी वायरी गोळा करायला लागलो. आता नीट बसून सगळं सांगावं, माफी मागावी, असं ठरवून मी खुर्चीजवळ गेलो. "ताई, ऐक ना—"

"सरक तिकडे, उजेड अडवून राह्यला," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. एक हात कळफलकावर, दुसऱ्या हाताने तिने मोबाइल कानाला लावला होता. परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांपैकी पहिल्याला तिने स्वतःहून फोन लावला होता. पलीकडून बहुधा विचारणा झाली की तुमचा हात चालत नव्हता ना.

"चालते," ताई म्हणाली. "कागद घेऊन या. अन् नावं पहिले घरी ठरवून या, इथं येऊन भांडू नोका."

भाऊजींनी माझी पिशवी उचलली आणि मला बसस्टँडवर सोडायला निघाले. दारातून मागे वळून पाहिलं तर ताईने पुढचा नंबर लावला होता.